राजूरच्या खोलीतलं एक मिनिट

“पंखा बंद करावा लागेल, दिदी,” मी म्हणालो.

“मंग मी उकाड्यानं मरू का?” असं म्हणत बीनादिदींनी स्वतःच उठून बटण दाबलं.

राजूरला, कोळशाचे ट्रक जातात त्या रस्त्याला लागून त्यांचं दोन खोल्यांचं घर. मी साउंड रेकॉर्डिस्ट, म्हणजे फिल्ममध्ये जे ऐकू येतं ते टिपणारा माणूस. ट्रक मला थांबवता येत नव्हते, पंखा येत होता. कॅमेऱ्यावर प्राची होती. आणि दिदींच्या समोर निखिलदा बसले होते. फिल्मचे दिग्दर्शक, दिदींचे सख्खे धाकटे भाऊ.

बांगलादेशच्या युद्धात घर सोडून आलेलं हे कुटुंब. आधी निर्वासितांची छावणी, मग चंद्रपूरकडच्या मामाच्या ओळखीने वडिलांना राजूरच्या खाणीत काम. निखिलदा इथल्याच शाळेत मराठी शिकले. वणीत दुकानांच्या पाट्या रंगवता रंगवता गोष्टी लिहू लागले, त्याही मराठीत. पुस्तकं निघाली, मग फिल्म सुरू झाल्या. खाणीत गेलेलं शेत, धरणात गेलेलं गाव, झरी जामणीच्या जंगलातून उठवलेला कोलाम आदिवासींचा पोड, म्हणजे त्यांची वस्ती. सगळ्या फिल्म दुसऱ्यांच्या सुटलेल्या घरांवर. यवतमाळला वडिलांच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात बसणाऱ्या मला त्यांनीच या कामात ओढलं. पंधरा वर्षं मी त्यांच्यासोबत होतो.

स्वतःच्या घरावर मात्र त्यांनी कधी एक ओळ लिहिली नव्हती.

“मले काही आठवतच नाही, शकील,” ते म्हणायचे. “सहा वर्साचा होतो मी. सहा वर्साच्या पोराले काहीतरी आठवाले पाह्यजे ना?”

आठवत होतं ते दिदींना. दोन वर्षं त्या कॅमेऱ्यासमोर बोलायला नाही म्हणत होत्या. मग त्यांचं डायलिसिस सुरू झालं आणि एक दिवस त्यांनीच फोन केला, “ये, विचार काय विचारतं तर.”

पण इंटरव्ह्यू काही हलेना.

“दिदी, नदी ओलांडली ती नाव कशी होती?”

“लाकडाची.”

“आई काय म्हणत होती तवा?”

“रडत होती. सगळ्याच रडत होत्या.”

तीन तास हेच. शेवटी निखिलदांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि म्हणाले, “चला, पॅकअप.”

प्राचीने कॅमेरा बंद केला. माझं एक काम उरलं होतं, रूम टोन. प्रत्येक खोलीच्या शांततेला स्वतःचा आवाज असतो. एडिटिंगमध्ये दोन वाक्यांच्या मधली फट भरायला तो लागतो. म्हणून शूट संपलं की आम्ही सगळ्यांना एक मिनिट गप्प बसवतो आणि ती शांतता रेकॉर्ड करतो.

“एक मिनिट कोणी बोलू नका,” मी सांगितलं.

पंधरा-वीस सेकंद गेले असतील.

“निखिल वाटेतच गेला,” दिदी म्हणाल्या.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. निखिलदा तर समोर बसले होते.

“हगवण लागली होती त्याले. सहा वर्साचा होता. बाबानं नदीच्या काठी पुरला. आईनं ते मानलंच नाही. तुले मांडीवर घेऊन निखिल, निखिल करत राह्यली. दुसरं नाव घेतलं का खाणं बंद करे. छावणीत साहेब नावं लिहाले आला, तवा मीच सांगितलं. निखिल, वय सहा. तू तर चारचा होता.”

प्राचीचा हात कॅमेऱ्याकडे गेला. मी मान हलवून नको म्हटलं. स्टँड जरा जरी करकरला असता तरी दिदी थांबल्या असत्या. तिने हात मागे घेतला.

“मंग मी कोण?” निखिलदांनी विचारलं.

“तपन. तू तपन होता.”

बाहेरून एक ट्रक गेला. निखिलदा माझ्याकडे वळले आणि म्हणाले, “रेकॉर्ड झालं?”

दिदी त्यांच्याकडे बघत होत्या. निखिलदांनी मान खाली घातली. त्या माणसाला इतकं ओशाळलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

“हे फिल्ममंधी नको टाकू,” दिदी म्हणाल्या. “माह्या आईले लोकं येडी म्हणतीन. पुसून टाक.”

“पुसतो, दिदी.” मग मला, “शकील, पुस.”

मी मशीन बंद केलं आणि हो म्हटलं. पुसलं नाही. शूटच्या दिवशी मेमरी कार्ड पुसायचं नाही, हा आमच्या धंद्याचा नियम. ते निमित्त झालं. खरं म्हणजे माझा हात धजला नाही.

फिल्म त्या मिनिटाशिवाय पूर्ण झाली. दोन-तीन ठिकाणी दाखवली. लोक म्हणाले, या वेळी दिग्दर्शक काहीतरी राखून बोलतोय. त्यानंतर निखिलदांचं लिहिणं थांबलं. एकदा मी फोनवर विचारलं, “लिहून राह्यले का नाही?”

“कोणाच्या नावानं लिहू?” ते म्हणाले.

पुढच्या उन्हाळ्यात दिदी यवतमाळच्या दवाखान्यात वारल्या. तेरवी झाल्यावर एका दुपारी निखिलदा माझ्या घरी आले. चहाही घेतला नाही.

“पुसलं होतं का तू?”

खोटं बोलता आलं असतं. “नाही, निखिलदा.”

“मी दिदीले शब्द देल्ला होता.”

“माहीत आहे.”

त्यांनी खुर्ची ओढली. मग म्हणाले, “लाव.”

सगळं ऐकायचं नव्हतं त्यांना. फक्त शेवटचं. त्यांनी हेडफोन लावला आणि मी तेवढंच वाजवलं. “तपन. तू तपन होता.” त्यांनी बोटाने खूण केली, परत. मग पुन्हा परत. किती वेळा, ते मी मोजलं नाही.

“त्या नावानं मले हाक मारणारं आता कोणीच नाही,” ते म्हणाले.

मी तेवढा तुकडा कापून पेन ड्राइव्हवर दिला. “मागचा आवाज साफ करून देऊ का?”

“राहू दे. आता बाकीचं पुस. माह्यासमोर.”

मी पुसलं.

हे लिहू का, असं मी त्यांना विचारलं होतं. नावं बदलून लिही, म्हणाले. म्हणून यातलं एकही नाव खरं नाही, तपनसुद्धा.

माझ्याकडे काम शिकायला येणाऱ्यांना मी एवढंच सांगतो. कोणी पुसायला सांगितलं तर हो म्हणा आणि थांबा. दिदींशी मी बरोबर वागलो का, ते मात्र मला विचारू नका.