वाट न बघणारं मांजर

टेम्पोवाला तिसऱ्यांदा हॉर्न वाजवत होता आणि माय चुलीपुढून उठायला तयार नव्हती. परातीत उरलेल्या पिठाची तिने चानकी थापली, तळहाताएवढी भाकरी, ती दुधात कुस्करली आणि ताटली उंबऱ्याबाहेर ठेवली. सटाण्याजवळच्या आपल्या त्या घरात शेवटची चानकी रोज मांजराचीच असायची. ताई, तू लग्न होऊन सुरतेला गेली होतीस, बाबा राहिले नव्हते, मला नाशिकला नोकरी लागली होती. घर बंद करायचं ठरलं. मी भुरीला घालायला पोतं आणलं तर माय म्हणाली, "तिले राहू दे आठेच. ती घरनी शे, आपली नई." मांजर घराचं असतं, माणसांचं नाही, मलाही ते पटलं. पटवून घेतलं म्हण हवं तर, पोत्यातलं मांजर घेऊन शंभर किलोमीटर जायचा मला कंटाळा आला होता. टेम्पो वळला तेव्हा भुरी उंबऱ्यावर तोंड धूत बसली होती.

नाशिकला द्वारका चौकाच्या मागे चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. माय गॅसवरही चानकी करायची आणि गॅलरीत ठेवायची. संध्याकाळी मी ती कचऱ्यात टाकायचे. एकदा वैतागून म्हणाले, "कोण खाणार आहे ती?" दुसऱ्या दिवसापासून तिने करणं बंद केलं. मात्र मला गावाकडून फोन आला की मला विचारायची, "भुरी शे ना?"

भुरी नव्हती. शेजारच्या यमुनाकाकूंनी मला पहिल्याच उन्हाळ्यात सांगितलं होतं. ती बंद दारापुढे बसून राहायची, काकूंनी दिलेल्याला तोंड लावायची नाही, खंगत गेली आणि मग दिसेनाशी झाली. मी मायला म्हणायचे, "शे ना, काकूना घर जेवस." दोन वर्षं म्हणत राहिले. भुरी जाड झाली, भुरीला पिल्लं झाली, सगळं मी रचलं. माय खूश व्हायची.

गेल्या थंडीत माय गेली. तू तेरा दिवस राहिलीस आणि परत गेलीस. मला रडू आलं नाही, हे तू पाहिलंस. खरं सांगू, दुःखही होत नव्हतं. मांडी घालून फार वेळ बसल्यावर पाय आपला वाटत नाही, तशी मी सगळीच झाले होते. ऑफिसला जायचे, यायचे, कुकर लावायचे. भाकरी केलीच नाही.

ऑफिसातली वैशाली म्हणाली, मांजर पाळ. तिने ब्रीडची यादीच पाठवली. पर्शियनला रोज विंचरावं लागतं, डोळे पुसावे लागतात, नाशिकच्या मे महिन्यात एसी लागतो. सयामी फार बोलतं. मेन कून कुत्र्याएवढं होतं. मी सगळं परीक्षेसारखं वाचलं आणि गंगापूर रोडच्या एका दुकानात गेले. तिथल्या माणसाने विचारलं, "मॅडम, पहिल्यांदाच पाळताय?" मी हो म्हणाले. ते खोटं नव्हतं. आपल्याकडे मांजरं असायची, पाळत कोणी नव्हतं.

"कसं हवंय?" त्याने विचारलं.

"वाट बघत नाही असं," माझ्या तोंडून निघून गेलं.

तो हसला नाही. त्याने एक पांढरं पर्शियन माझ्या हातात दिलं. "हे घ्या मग. कुठंही रमतं. माणसं बदला, घर बदला, याला काही फरक पडत नाही."

ते मऊ होतं, गरम होतं, आणि माझ्याकडे बघतही नव्हतं. आम्ही दोघं एका घरात कशी राहणार, असं वाटून मला जरा हसू आलं. अशी एक मी त्या फ्लॅटमध्ये आधीच होते. मी ते परत दिलं.

पंचवटीत माझी नेहमीची भाजीवाली आहे. तिच्या पोत्यांमागे तीन पिल्लं होती, ब्रीड विचारायची सोय नाही अशी. "न्या ताई, लय गुणाची हे ती," म्हणत तिने राखाडी पिल्लू पिशवीत घातलं. "तोंड बांधा पिशवीचं. रस्ता दिसला तर परत येईल." मी पिशवी उघडीच ठेवली. रिक्षात ते मान बाहेर काढून गोदावरीचा पूल बघत होतं.

आठवडाभर ते पलंगाखाली राहिलं. काल ऑफिसातून आले, किल्ली फिरवली, तर दाराला लागूनच बसलेलं होतं. दार उघडायलाही जागा देईना. किती वेळ बसलं होतं कोण जाणे.

मी चप्पल न काढता स्वयंपाकघरात गेले. माय जिथे उभी राहून भाकऱ्या थापायची, त्या ओट्यापाशी.

"माय, भुरी नई शे व," मी म्हणाले. "मी तुले खोटं सांगं."

माय गेल्यापासून त्या घरात आपली भाषा कोणी बोललं नव्हतं. ताई, मग मी खूप रडले. पिल्लू पायाशी ओरडत होतं, त्याला भूक लागली होती. मी डोळे पुसले, परात काढली आणि एकाच चानकीपुरतं पीठ घेतलं.