भर रस्त्यात थांबणारी गाडी

रस्त्याच्या मधोमध गाडी उभी करून गप्पा मारणाऱ्यांचा मला मनापासून राग यायचा, आणि त्यांत पहिला नंबर माझ्याच वडिलांचा होता.

मी बेळगावला नोकरीला. दर शनिवारी दुपारी बसने निपाणीला उतरायचे, तेव्हा आप्पा जुनी पांढरी गाडी घेऊन स्टँडबाहेर उभे असायचे. तिथून सदलग्याच्या बाजूचं आमचं गाव तासाभराच्या आतलं, पण आम्हाला दीड तास लागायचा. समोरून ओळखीची गाडी आली की आप्पांचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. समोरचाही थांबायचा. दोन्ही काचा खाली, दोन्ही कोपरं बाहेर, आणि शेंगा काढल्या का, उसाला तोड आली का, पोरीचं कुठं जमलं का, सगळी चौकशी तिथंच. निम्मी मराठीत, निम्मी कन्नडमध्ये. दोन्हीकडं ट्रॅक्टर, वडापच्या प्रवासी जीपा, मोटरसायकली तुंबायच्या. मागून हॉर्न वाजला की आप्पा हात बाहेर काढून सावकाश ‘थांब’ अशी खूण करायचे. मी सीटवर खाली सरकून बसायचे.

बरं, एवढ्यावर भागत नव्हतं. आम्ही जैन, घरात दिवस मावळायच्या आत जेवायची रीत. गप्पा मारता मारता आप्पांचं लक्ष कलत्या उन्हाकडं गेलं की, “ऊन हाय अजून, जेवून घ्या,” एवढं समोरच्याला सांगून ते जी गाडी पिटाळायचे ती विचारू नका. मघाशी ज्यांनी कडेच्या मातीतून कशीबशी वाट काढली होती, त्यांनाच हॉर्न दाबून धरत मागं टाकायचे. त्या लोकांच्या शिव्या मी ऐकल्यात. आप्पांना त्या कधीच ऐकू आल्या नाहीत.

एकदा मात्र माझं डोकं फिरलं. लोकांचा वेळ फुकट घालवता, मला तुमच्या शेजारी बसायची लाज वाटते, असं बरंच काही बोलले. पुढच्या शनिवारी आप्पा कुणासाठीच थांबले नाहीत. समोरच्या गाड्या सवयीनं हळू व्हायच्या, आप्पा नुसता हात वर करून पुढं निघायचे. पन्नास मिनिटांत घरी पोचलो. बघा, किती लवकर आलो, असं मी कौतुकानं म्हटलं. ताटावर बसलेल्या आप्पांनी भाकरीचा तुकडा हातातच धरला.

“लवकर आलो, व्हय,” ते म्हणाले. “पण आज कुणाचं काय चाललंय, काय बी कळलं न्हाय.”

त्यानंतरच्या शनिवारी पुन्हा पहिल्यासारखंच सुरू झालं, आणि माझी कुरकुरही.

गेल्या वर्षी आप्पा गेले. पुण्याचा भाऊ गाडी विकून टाकू म्हणत होता. मी दिली नाही. गाडी शिकले आणि बेळगावहून तीच घेऊन गावी यायला लागले. सुरुवातीला समोरचे लोक टपावरचा हिरवा कॅरिअर लांबूनच ओळखायचे, थांबायचे, मला बघून अवघडायचे. ते काय बोलणार हे मला माहीत होतं आणि तेच ऐकवत नव्हतं. मी नजर समोर ठेवून निघून जायचे. हळूहळू त्यांनी थांबायचं सोडून दिलं. मग निपाणीतून निघाले की पन्नास मिनिटांत घर. हेच तर मला हवं होतं. आणि पुढं पुढं मला त्या मोकळ्या रस्त्यावर आप्पांची इतकी आठवण यायची की मी मुद्दाम हळू चालवायचे, धुरळा आत आला तरी काच खाली ठेवायचे. कुणीतरी थांबवेल म्हणून. मागचे हॉर्न वाजवून वाजवून वैतागायचे.

मागच्या महिन्यात एका संध्याकाळी समोरून येणारा ट्रॅक्टर माझ्या बाजूला येऊन थांबला. आप्पांच्या बरोबरीचे एक काका. वर्ष-दीड वर्ष बेंगळूरला मुलाकडं होते म्हणे, ते मला मागाहून कळलं. उंचावर बसलेल्या त्यांना माझ्या गाडीचा फक्त टप दिसत होता.

“आप्पा, लई दिसांनी गाठ पडली. शेंगा काढल्या का न्हाय?”

खरं सांगायला तोंड उघडलं, आणि वेगळंच बाहेर पडलं. “परवाच काढल्या, काका.”

ते वाकले, मला बघितलं, मग शेजारची रिकामी सीट बघितली. आप्पा गेल्याचं मी सांगितलं. काकांनी ट्रॅक्टरचं इंजिन बंद केलं. डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. दोन्हीकडं हॉर्न सुरू झाले होते. आप्पा गेले त्या दिवशी पाहुण्यांच्या गर्दीत जे रडता आलं नव्हतं, ते मी तिथं स्टिअरिंगवर डोकं टेकून रडून घेतलं. काकांनी ट्रॅक्टर तिथून हलवला नाही.

माझं रडू ओसरल्यावर त्यांनी मावळतीकडं बघितलं.

“ऊन हाय अजून,” ते म्हणाले. “जा बाळ, जेवून घे.”

मी डोळे पुसले. मागचा वडापवाला आता हॉर्नवरचा हात काढायला तयार नव्हता. मी खिडकीतून हात बाहेर काढून त्याला थांबायची खूण केली, आणि काकांना विचारलं, “तुमच्या शेंगा काढल्या का?”