याडीचा नाश्ता

आमच्या फॅक्टरीत वाया काहीच जात नाही. सरकीच्या तेलापासून आम्ही साबणाचा कच्चा माल काढतो, खाली डांबरासारखा काळा गाळ उरतो. तोही बॉयलरमध्ये जाळून वाफ करतो. शेवटी उरतात ते किस्से! माझ्या लॅबमध्ये ड्रमभर साठलेत.

*

बॉयलर सांभाळतात सुदामभाऊ, नेरजवळच्या तांड्यावरचे. बॉयलरला ते ‘याडी’ म्हणतात, म्हणजे बंजाऱ्यांच्या गोर बोलीत आई. लॉगबुकातही तेच! ‘सकाळी सहा. याडीने नाश्ता केला नाही. चिडली आहे.’

नव्या सेफ्टी ऑफिसरने ते वाचलं आणि धावत माझ्याकडे आला. "या बाईंना हेल्मेट दिलंय का?"

*

मग जर्मनीचं गिऱ्हाईक आलं, आधी व्हिडिओ कॉलवर. हान्स साहेब. म्हणाले, "वाफ खरंच कचऱ्यावर होत असेल, तरच माल घेऊ."

त्यांच्याकडे म्हणे एका कारखान्याची उरलेली वाफ पाइपने शेजारच्या कारखान्याला देतात. मी सुदामभाऊंना मराठीत सांगितलं.

"त्यात काय! आपला बी शेजारच्याले वास जाते ना!"

हे मी भाषांतर केलं नाही.

*

मालकांनी मात्र सांगून टाकलं, ऑर्डर आली तर हा बॉयलर ठेवू, नाहीतर भंगारात काढून गॅसचा आणू. सुदामभाऊंना जेवण गोड लागेना.

"याडी भंगारात गेली त मले बी तिच्यासंगं तोला!"

आम्ही हसलो, पण मला वाईट वाटलं. पंचवीस वर्षं त्या माणसाने तिला जपलं होतं.

*

हान्स साहेब स्वतः पाहायला येणार म्हटल्यावर मॅनेजर साहेबांनी फर्मान काढलं, "आवारात कचरा दिसता कामा नये!"

झाडू फिरले, चुना मारला, रांगोळ्या निघाल्या.

"आन् गाळाचे ड्रम?" सुदामभाऊंनी विचारलं.

"गायब करा!"

सुदामभाऊंनी चक्क वाद घातला नाही. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

*

पाहुणे आले. स्टेजवर गालिचा, शाल, श्रीफळ, सगळं झालं. मॅनेजर साहेब स्वच्छतेवर बोलायला उभे राहिले. पाच मिनिटं ऐकून हान्स साहेबांनी हळूच विचारलं, "सगळं सुंदर आहे. पण कचरा कुठे आहे?"

मॅनेजर साहेबांना घामच फुटला. मी प्रश्न सुदामभाऊंना सांगितला.

"साहेबाले म्हणा, त्याच्यावरच त बसून राह्यले तुमी!"

आणि त्यांनी स्टेजच्या खालचा पडदा ओढला. खाली ओळीने काळे ड्रम, वर फळ्या!

हान्स साहेब शालीसकट गुडघ्यावर बसले. झाकण उघडून वास घेतला, तोंड वाकडं केलं आणि खो खो हसत सुटले. "जाळून दाखवा!"

मग काय, एका टोकाकडून स्टेज सुटायला लागलं. ड्रम बॉयलरकडे जात राहिले, वाफेचा काटा चढत राहिला. हान्स साहेबांनी काळ्या हातानेच सुदामभाऊंचा काळा हात धरला. "ऑर्डर पक्की!" मी भाषांतर करायच्या आत सुदामभाऊंनी डोळे पुसले, चेहरा आणखी काळा झाला.

मग सुदामभाऊ बॉयलरकडून बाहेर आले. शेवटच्या चार ड्रमांवर उभे राहून मॅनेजर साहेब अजून भाषण करतच होते.

"साहेब, उतरा आता. याडीचं पोट भरलं नाही अजून!"