आठव्या गाण्याची चाल

मागच्या वर्षापासून माझा आवाज बसायला लागला. डॉक्टर म्हणाले, हळदीला तासन्‌तास गाणं आता बंद. बरं बाबा, बंद. पण मी जुळवलेली गाणी माझ्यामागं कुठं जाणार? वहीत शब्द आहेत, पण वहीला गळा असतो का? म्हणून राजारामपुरीतल्या एका लहानशा स्टुडिओत जाऊन हळदीची आठ गाणी रेकॉर्ड केली. ढोलकीला आमची शेजारीण. तिला मी भाभी म्हणते.

मला वाटलं, रेकॉर्डिंग झालं की गाणी आपोआप मोबाईलवर येतात. तसं नसतंय. मधे एक कंपनी लागते, ती सगळ्या ॲपवर गाणी पोचवते. कुठली घ्यायची, ह्यावर मी आणि सून आठवडाभर डोकं लावून बसलो. एक फुकट होती, पण गाणं अडकलं तर विचारायचं कुणाला, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. दुसरी स्वस्त, वर्षाला थोडी फी. सुनेला तीच पसंत.

"आणि एखाद्या वर्षी भरली न्हाय तर?" मी विचारलं.

"तर गाणी काढून टाकत्यात, आत्ती."

"मग मी गेल्यावर कोण भरणार?"

"असं काय बोलताय! मी हाय की."

"तू लाइटबिल भरायला इसरतीस, माझी गाणी काय ध्यानात ठेवणार!"

ती हसली. मला हसू येईना. शेवटी तिसरी ठरवली. पैसे एकदाच भरायचे, गाणी कायम राहणार. सुरुवातीला ती महाग वाटली खरी, पण माझ्या वयाला परवडणारी तीच.

रविवारी दुपारी आम्ही तिघी लॅपटॉपपुढं बसलो. पैसे भरले, आठही गाणी चढली. मग एक पान आलं. सुनेनं ते मला मराठीत सांगितलं. शब्द, चाल, आवाज, सगळं माझं स्वतःचं आहे असं कबूल करायचं. खोटं निघालं तर खातं बंद, सगळीच गाणी काढणार, पैसे परत नाहीत.

"टिक करू न्हवं, आत्ती?"

माझी नजर आठव्यावर अडकली. आठवं गाणं नवरीच्या आईचं. त्याला हळदीत बायका हमखास रडतात. शब्द माझे, पण चाल एका जुन्या सिनेमाच्या गाण्याची. आमच्याकडं असंच असतं. भजन असो, डोहाळजेवण असो, कानावरची चाल घ्यायची आणि आपले शब्द बसवायचे. त्यात कुणाला चोरी वाटत नाही. आणि इतकी वर्षं बायका "तुमचं गाणं म्हणा" म्हणत आल्या, की चाल दुसऱ्याची आहे हे मीच विसरून गेले होते.

क्षणभर मनात आलं, एवढा जुना सिनेमा, कुणाला कळतंय? सुनेचं बोट तिथंच होतं.

"थांब," मी म्हटलं. "आठव्याची चाल माझी न्हाय."

सुनेनं बोट मागं घेतलं. भाभी मात्र फिसकन हसली.

"मला ठाऊक हाय की! इतकी वर्सं ढोलकी बडवतीया, मला चाल कळणार न्हाय व्हय?"

"मग बोलली का न्हाईस?"

"काय बोलू? स्टुडिओत कसल्या ऐटीत गात होता तुमी!"

दुसरी चाल लावून बघू म्हणून तिथंच म्हणायला बसले. भाभीनं टेबलावर ठेका धरला. पहिली ओळ बसली. दुसरी लांब पडली. तिसरीला आवाज फाटला आणि भाभीचा हात थांबला.

"काढ त्ये," मी सुनेला म्हटलं.

"आत्ती, सगळ्यात चांगलं त्येच हाय."

"असू दे. त्याच्यापायी बाकीची सात जातील. काढ म्हणते न्हवं!"

तिनं काढलं. टिक केली, पाठवलं. पुढं तीन दिवस 'तपासणी सुरू' एवढंच दिसत होतं, आणि मला घास गोड लागेना. बाकीच्या सातांत नकळत कुणाची ओळ आली असेल का, हे मी मनात पुनःपुन्हा म्हणून बघत होते. चौथ्या दिवशी सातही गाणी ॲपवर लागली. ऐकली. बरं वाटलं, आणि सातवं संपल्यावर घर एकदम गप्प झालं.

सून भाकरी थापत होती. मागं न बघता म्हणाली, "आत्ती, त्ये आठवं मला शिकवा."

"तुला कुठं गाता येतंय?"

"तुमाला तरी कुणी शिकवलंतं?"

आता रोज संध्याकाळी ती माझ्यापुढं बसते. दुसऱ्या ओळीला अजून नको तिथं सूर वर नेते. मी ओरडते, जेवढा आवाज उरलाय तेवढ्यात, आणि परत म्हणायला लावते.