सुनंदा एअरपोर्टला कशाने गेली

नमस्कार मंडळी. या पानावरचे अनुभव मी बरेच दिवस वाचतोय, आणि खरं सांगायचं तर हसण्यासाठीच वाचत होतो. कुणाला पांढरी साडी दिसते, कुणाच्या मागे पैंजण वाजतात... राग मानू नका, पण मी सव्वीस वर्षं लोणावळा-कर्जत घाटात बँकर चालवलं आहे. बँकर म्हणजे कर्जतहून वर चढणाऱ्या गाडीला मागून लावतात ते ढकलणारं इंजिन. बोगद्यात गाडी अडकून तास-तासभर काळोखात बसलोय. रनिंग रूममध्ये, म्हणजे ड्युटी संपल्यावर विश्रांती घ्यायच्या खोलीत, सहकारी बोगद्यातल्या बाईच्या गोष्टी रंगवून सांगायला लागले की मी विचारायचो, तिकीट होतं का तिच्याकडे? असा मी माणूस. आणि गेल्या जानेवारीत जे घडलं ते भर दिवसा, लख्ख उन्हात घडलं. अजून माझं डोकं चालत नाही, म्हणून लिहितोय.

आम्ही कुसगावचे, लोणावळ्याला लागूनच. घरात मी आणि बायको सुनंदा, दोघंच. मुलगी प्राजक्ता लग्न होऊन जर्मनीत. तिचं पहिलं बाळंतपण, त्यात गुंतागुंत झालेली. सातव्या महिन्यापासून डॉक्टरांनी तिला झोपवूनच ठेवलं होतं. जावई नोकरी सांभाळून स्वयंपाक करून जेरीस आलेला. म्हणून सुनंदा तीन महिन्यांसाठी निघाली. बुधवारी दुपारी पावणेदोनचं विमान, मुंबईहून. ते चुकलं तर पुढचं कधी मिळेल आणि तोवर पोरीचं काय होईल, या धास्तीने ती आठवडाभर धड जेवली नव्हती. मी जाणार नव्हतो. विमान हा माझा प्रांत नाही. मी फक्त सोडायला.

वाद झाला तो जायचं कशाने यावरून.

"मला गाडीनं जायचंय," ती आठ दिवस आधीच म्हणाली. "रफिकला सांगून ठेवलंय मी. साडेसातला येईल. घराच्या दारात बसायचं, एअरपोर्टच्या दारात उतरायचं. माझे गुडघे बघा जरा."

रफिक आमच्या गावातलाच. स्वतःची टूरिस्ट गाडी आहे. त्याची बायको शबाना आणि सुनंदा यांचं लोणची-पापडांचं येणं-जाणं जुनं.

मी म्हटलं, "घाटात एक कंटेनर आडवा झाला की चार तास गेले. रुळावर कंटेनर आडवा होत नाही. पावणेआठची एक्सप्रेस धरायची, ठाण्याला उतरायचं, तिथून टॅक्सी."

"म्हणजे शेवटी टॅक्सीच ना?"

"थोडाच रस्ता."

"मग पूर्ण का नको?"

मी आवाज चढवला. रेल्वेच्या माणसाच्या बायकोने रेल्वे सोडून रस्त्याने जायचं म्हणजे माझं नाक कापल्यासारखं. शिवाय रिटायरमेंटचा पास होता, दोघांचा. मंगळवारी संध्याकाळी पंक्चरच्या दुकानापाशी रफिकचा थोरला भाऊ भेटला, त्याला मी सांगून टाकलं की उद्या गाडी नको. आमच्याकडे गाडी सांगतात तोंडी आणि रद्दही तोंडीच; रोज दिसणाऱ्या माणसाला त्यासाठी फोन करणं परकेपणाचं वाटतं. ती माझी चूक, कारण भाऊ सांगायचं विसरला. सुनंदाला मी जेवताना सांगितलं. तिने ताट उचललं आणि आत गेली.

सकाळी सात वाजता आम्ही निघालो. तिच्या हातावर दही मीच घातलं, बॅगेला लाल रिबीन बांधलेली होती ती पुन्हा घट्ट केली, दाराला कुलूप लावलं आणि रिक्षात बसलो. रिक्षात ती माझ्या शेजारी होती. हे मी मुद्दाम लिहितोय. नंतर त्या रिक्षावाल्याला मी विचारलं, तोही म्हणाला की तुम्ही दोघं होतात.

गाडी वेळेवर आली. तिला खिडकी दिली. टीसी आला, त्याने पास बघितला, दोघांकडे बघितलं, पुढे गेला. खंडाळा मागे पडला आणि मी नेहमीसारखा सुरू झालो... इथे अमुक साली इंजिन फेल झालं, या वळणावर ब्रेक कसा धरायचा वगैरे. सुनंदाने डोळे मिटलेले. मला वाटलं रुसली आहे. पण ती बाई कितीही रुसली तरी घाट बघतेच. म्हणून मी तिचा हात धरला. हात बर्फासारखा गार होता. जानेवारीची थंडी, खिडकीचा वारा, असं म्हणत मी तो दोन्ही हातांत धरून चोळत बसलो. कर्जतला गरम वडे घेतले, तिला हाक मारली. एकदा नाही, तीनदा. डोळे उघडले नाहीत. श्वास चालू होता, तेवढं बघून मी गप्प बसलो.

ठाण्याला ती आपणहून उठली. टॅक्सीत एक शब्द नाही. पावणेअकराला आम्ही एअरपोर्टवर पोचलो. वेळ भरपूर होता, त्यामुळे मी जरा फुशारकीने म्हटलं, "बघ, पोचवलं की नाही?"

तिने बॅगेची दांडी हातात घेतली आणि म्हणाली, "जाते मी."

मंडळी, घरातून दळण आणायला निघाली तरी ही बाई 'येते' म्हणते. आपल्यात 'जाते' कोण म्हणतं? मी म्हटलं, "अगं, येते म्हण." तिने माझ्याकडे बघितलं, आणि अगदी शांतपणे परत तेच म्हणाली. "जाते." मग पासपोर्ट दाखवून आत गेली. काचेतून मला ती खांबापर्यंत दिसली. तिने वळून बघितलं नाही.

परतीची गाडी मिळाली, साडेचारपर्यंत मी कुसगावात. कोपऱ्यावर रफिक गाडी धूत होता. मला बघून हातातला पाइप खाली ठेवून आला.

"आबा, मावशी बसल्या का इमानात? फोन आला का?"

"बसली. तुला लक्षात होतं होय आजचं?"

"लक्षात म्हंजी? मीच सोडून आलो न्हवं."

"कुणाला?"

"मावशीला. धाला धा मिनिटं कमी असतानाच पोचलो बगा. रस्ता लय मोकळा व्हता."

मला वाटलं थट्टा करतोय. मी म्हटलं, "रफिक, तुझ्या भावाला मी काल सांगितलं होतं, गाडी नको म्हणून. आम्ही ट्रेनने गेलो."

तो हसला नाही. मग खालच्या आवाजात म्हणाला, "आबा, तुमी बरं हाय ना? साडेसातला मी दारात आलो. तुमी गेटाशी हुबं व्हता. ब्याग तुमीच डिकीत ठिवली, लाल रिबीन बांधल्याली. मावशी मागलं दार उघडाय लागल्या, तर तुमी म्हनला, पुढं बसतीस का? रस्ता दिसंल तुला. मावशी लय हसल्या. मंग पुढंच बसल्या माज्या शेजारी. तुमी हात केला आन आत गेला."

साडेसातला मी लोणावळ्याच्या प्लॅटफॉर्मवर डब्याचा नंबर शोधत होतो. घराला कुलूप होतं आणि किल्ली माझ्या खिशात होती. मी रफिकला किल्ली काढून दाखवली, जणू त्याने काही सिद्ध होणार होतं. त्याने मोबाइल काढला. खालापूरच्या टोलचा मेसेज होता, सकाळी आठ-पाचचा. मी म्हटलं, यावरून तू गेलास एवढंच कळतं. ती होती कशावरून?

"थांबा," तो म्हणाला. "टोलच्या फुडं च्याला थांबलो व्हतो. मावशी म्हनल्या, शबानाला बोलते. तवा रेकाड करून धाडलं व्हतं."

त्याने ते लावलं. आणि सुनंदाचा आवाज आला. मागे गाड्यांची घरघर, कपबशा वाजत होत्या, आणि त्यात स्वच्छ तिचा आवाज: "शबाना, अगं मी कुठं बसलेय सांग? पुढं! सगळा घाट समोरून बघितला मी आज. चौतीस वर्षं नुसता खिडकीतून, एका बाजूनंच बघत आले. ह्यांनी स्वतः सांगितलं हो, पुढं बस म्हणून. मला तर खरंच वाटेना..." आणि मग ती हसली.

ते हसणं ऐकून मी गाडीच्या बॉनेटला हात टेकला. आवाज ओळखू येण्याबद्दल शंका नव्हतीच. पण असं हसताना मी तिला शेवटचं कधी ऐकलं होतं, ते मला आठवेना. प्राजक्ता लहान असताना कधीतरी. मी बोनसमध्ये काहीतरी आणलं होतं बहुतेक. मेसेजची वेळ बघितली... आठ एकवीस. आठ एकवीसला आमची गाडी पळसदरीच्या अलीकडे होती आणि तिचा गार हात माझ्या दोन्ही हातांत होता.

"उतरताना काही म्हणाली?" मी विचारलं. का विचारलं माहीत नाही.

"डोक्यावर हात ठिवला माज्या. येते रे, म्हनल्या."

मी घरी गेलो. कुलूप जसंच्या तसं. तिला फोन लावून उपयोग नव्हता, ती आकाशात होती. ती कोण होती आकाशात, हा विचार मनात आला आणि मी सगळ्या खोल्यांतले दिवे लावून बसलो. सव्वीस वर्षं घाटात काढलेला माणूस. पोरीला फोन करून विचारणार तरी काय? तुझी आई एकच येतेय ना?

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हिडिओ कॉल आला. प्राजक्ता उशीला टेकून बसलेली, शेजारी सुनंदा. दिसायला तीच. कपाळावरची कांजिण्यांची खूण, बोलताना पदर खांद्यावर घेण्याची सवय, सगळं तेच. मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "काल ट्रेनमध्ये बरं नव्हतं का तुला? तीन हाका मारल्या."

"कुठली ट्रेन?" ती म्हणाली.

"अगं, काल. ठाण्यापर्यंत."

"प्राजू, तुझ्या बाबांना झोप नाही झालेली वाटतं," ती पोरीकडे वळून म्हणाली. मग फोन तोंडाजवळ घेतला आणि आवाज एकदम हळू केला. "अहो, एक सांगू का? आदल्या रात्री मी फार वाईट झोपले. म्हटलं, हा माणूस मला जन्मात कधी विचारणार नाही. आता जाते ती जातेच, पोरीकडेच राहते, परत यायचं नाही. असं खरंच ठरवलं होतं मी. पण सकाळी तुम्ही रफिकची गाडी दारात उभी केलीत, आणि पुढं बसतेस का म्हणून विचारलंत... मला गाडीतसुद्धा तेच आठवत होतं. बरं वाटलं हो."

ती माझ्या उत्तराची वाट बघत होती, ते स्क्रीनवर दिसत होतं. शेवटी मी "हं" म्हणालो.

पुढचं थोडक्यात सांगतो. नात झाली, दोघी सुखरूप आहेत. रफिक त्या दिवसापासून माझ्याशी जरा जपून बोलतो. त्याला वाटतं वयामुळे माझ्या डोक्यात घोळ झालाय, आणि मीही ते नाकारत नाही. तसं निघालं तर बरंच होईल. पण रिक्षावाल्याच्या डोक्यातही घोळ कसा होईल? एका पासपोर्टवर एक बाई दोनदा आत कशी जाईल? रेल्वेत आम्हाला शिकवलंय की रुळाच्या एका सेक्शनमध्ये, म्हणजे दोन सिग्नलांमधल्या तुकड्यात, एका वेळी एकच गाडी. माझ्याकडे याचं काहीही स्पष्टीकरण नाही, आणि तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर जरूर लिहा. फक्त भुताखेताचं लिहू नका. गार हाताच्या त्या बाईची मला भीती वाटत नाही. ती कोण होती ते मला कळलंय असं वाटतं. जिने परत न यायचं ठरवलं होतं ती माझ्याबरोबर होती, आणि मी स्वतःच्या हाताने तिला गेटपर्यंत पोचवलं.

माझी झोप उडाली आहे ती दुसऱ्याच माणसामुळे. गेटपाशी उभा राहून, बॅग उचलून, बायकोला कुठे बसतेस म्हणून विचारणारा. सुनंदा पुढच्या महिन्यात परत येते आहे. रोज फोन करते, हसून बोलते, घरी काय काय करायचं ते सांगते. ती त्याच्याकडे परत येते आहे. आणि दारात मी असणार आहे.