सुपारी फुटायच्या आधी

आमचे दाजी सटवाजी, माझ्या बहिणीचे, गोजरबाईचे मालक, शिरड शहापूरला हळद शिजवायचे. कढईत काडी न खुपसता नुसत्या रटरटण्यावरून सांगायचे, झाली म्हणून. बैठकीतही तसंच. मान खाली घालून बसायचे, पण मागच्या रांगेतली कुजबुजसुद्धा त्यांच्या कानातून सुटायची न्हाई. माझं उलटं. मी ऐकतो ते तोंडानं. समोरच्याचं निम्मं झालं की उरलेलं मीच पुरं करतो. लोकांना ते आवडतं, म्हणून वसमतपर्यंत कुठंही सोयरीक जुळवायची म्हणलं की बोलवा उकंडरावला.

पोलीस ॲक्शनच्या दहा वर्षं आधी माझ्या भाचीची, शकूची सोयरीक निघाली. दाजींचं एकुलतं लेकरू. पोरगं हट्ट्याचं, बिजवर. पहिली बायको तापानं गेली म्हणाले. आमच्यात बैठकीला पोरीचा बाप बोलत न्हाई, मामा बोलतो. आन एकदा सुपारी फुटली की शब्द मागं घेता येत न्हाई, मग आभाळ कोसळो.

मी रंगात आलो व्हतो. पाहुणा जमिनीचं सांगायचा, मी बैलांचं विचारायचो, सगळे हसून राहिले व्हते. तेवढ्यात दाजींनी माझी बाही ओढली. मी वळलोच न्हाई. पुन्हा ओढली, हळूच म्हणाले, जरा बाहेर या. भर बैठकीतून उठायचं? मला रागच आला. सगळ्यांना ऐकू जाईल असं मी म्हणालो, "आमचे दाजी लाजाळू. त्यांचं व्हयच हाय. फोडा सुपारी."

अडकित्ता वाजला आन दाजींनी बाही सोडली.

दोन वर्षांनी शकू विहिरीत सापडली. पाठीवर वळ व्हते, जुने आन नवे.

दहाव्याला मी दाजींना विचारलं, त्या दिवशी काय सांगायचं व्हतं. म्हणाले, मागं दोन म्हातारे तंबाखू मळत बोलून राहिले व्हते: पहिली माराला भिऊन विहिरीत गेली, ही तरी टिकावी. मी तिथून चार हातांवर बसलेलो. मला माझाच आवाज ऐकू येत व्हता, वाटोळं होवो त्या आवाजाचं.

"मंग वरडून काहून सांगितलं न्हाई, दाजी?"

"तुमी बोलून राहिले व्हते. थांबताल म्हणून वाट बघितली."

त्यानंतर दाजी कढईपाशी बसायचे, पण झाली म्हणून कधी सांगितलं न्हाई. दोनदा हळद शिजून गाळ झाली. औंदा, पोलीस ॲक्शन झाली त्याच महिन्यात गेले.

परवा शेजारच्या मंजुळाबाईच्या नातीची बैठक व्हती. पोरीला सख्खा मामा न्हाई, म्हणून मामाच्या जागी मलाच पुढं बसवलं. मी ठरवलं, आज तोंड उघडायचं न्हाई. मान खाली घालून मागचं ऐकत बसलो. माझ्या मागं कुणीतरी कायतरी पुटपुटलं, नीट कळलं न्हाई, म्हणून मी कान दिला.

पुढून एक जण म्हणाला, उकंडराव गप हायेत म्हंजे त्यांना पसंत हाय. आन सुपारी फोडली.