दुसऱ्याच्या नावानं हॅलो

उमाकांत घरी आला की त्याच्या आईचा, जमनाबाईंचा प्रश्न ठरलेला. चपला काढायच्या आधीच आतनं हाक, "आज कोण झालास रे?"

आणि तोही सांगायचा. "आज निहार झालो, अम्मा." नाहीतर, "आज पद्मनाभ." म्हातारी हसायची, ताटात रागीचं गरम मुद्दं, नाचणीचा शिजवलेला गोळा, टाकायची आणि म्हणायची, "झालास ते झालास. स्वल्प जेवून घे आता."

ऐकायला गंमत वाटते, पण हीच त्याची रोजीरोटी होती. अठ्ठ्याण्णव साल. दोन हजार साल उजाडलं की तारखांच्या घोळानं जगातले सगळे कॉम्प्युटर झोपणार म्हणून अमेरिकेला माणसं हवी होती, टोपल्या भरभरून, आणि तीही कोबोल ही कॉम्प्युटरची जुनी भाषा येणारी. इथल्या, कानडी मुलखातल्या शिवाजीनगरच्या बसस्टँडसमोर, बेकरीच्या माडीवर नीलिमा मॅडमची कन्सल्टन्सी होती. मॅडम मूळच्या पुण्याच्या. त्यांच्याकडे डिग्रीवाली पोरं यायची. डिग्री अगदी खरी, पण खरं काम कधी केलेलंच नाही, आणि अमेरिकेतला साहेब फोनवर विचारणार ते कामाचंच! मग पोराच्या नावानं फोनवर बोलायचा उमाकांत. पोरगं समोर तोंड मिटून बसायचं. नोकरी लागली की व्हिसा येईपर्यंत उमाकांतच त्याला काम शिकवायचा, आणि मग ते भुर्रकन उडून जायचं.

उमाकांतला हे सगळं यायचं कुठून? वडील गेले, कॉलेज सुटलं, आणि तो एका गिरणीच्या कॉम्प्युटर रूममध्ये चिकटला, आधी नुसतं टायपिंगला. शेजारी बसून बघत बघत प्रोग्रॅम लिहायला लागला. पुढे गिरणी बंद पडली. मग कुठंही गेलं की पहिला प्रश्न, डिग्री? आणि दुसरा प्रश्न कधी यायचाच नाही. त्याला अमेरिका नको होती हो, निदान तो तसं म्हणायचा. त्याला फक्त एकदा, एकदाच, त्याच्या स्वतःच्या नावानं कुणीतरी इंटरव्ह्यू घ्यायला हवा होता.

"शंतनुचं होऊन जाऊ दे अण्णा," मॅडम म्हणाल्या, "नेक्स्ट तुमचाच सीव्ही पाठवते. प्रॉमिस."

असंच त्या निहारच्या वेळीही म्हणाल्या होत्या. पद्मनाभच्या वेळीही. उमाकांतनं मान हलवली. विश्वास ठेवायचाही कंटाळा आला होता आणि न ठेवायचाही.

शंतनु नागपूरचा, ताजा बी.ई. संध्याकाळी फोन यायच्या आधी तो तीनदा पाणी पिऊन आला. "अण्णा, सांभाळून घेजा बरं!"

"सरी, सरी, घेतो सांभाळून. तू फक्त शिंकू नकोस."

खिडक्या लावल्या, तरी खालच्या कंडक्टरचं ओरडणं येतच होतं. फोन वाजला. मॅडमनी स्पीकरचं बटण दाबलं आणि उमाकांत म्हणाला, "हॅलो, शंतनु बोलतोय." जीभ आता आपोआप खोटं बोलायची.

सगळं नेहमीसारखं चाललं. तारखा कशा बदलणार, फाइल बिघडली तर काय करणार. उमाकांत झोपेतही सांगेल असली उत्तरं. मग साहेबानं विचारलं, "फाइल मोठी झाली आणि प्रोग्रॅम रांगायला लागला तर?"

"तुकडे करायचे, सर. एकेक क्रमानं लावून घ्यायचा आणि शेवटी जोडायचे. आम्ही नेहमी तसंच करायचो."

"करायचात, ठीक. पण त्यानं वेळ का वाचतो?"

उमाकांत आठवायला लागला. का? गिरणीतल्या सीनियरनं दाखवलं होतं म्हणून. वाचतो म्हणून वाचतो! कुणी कधी का म्हणून विचारलंच नव्हतं.

आणि समोर शंतनु खुर्चीच्या टोकावर आला. तोंडी परीक्षेत दुसऱ्याला विचारलेला प्रश्न आपल्याला येत असला की राहवत नाही ना, तसं झालं त्याचं. "माल दुप्पट झाला की काम चौपट होतं, सर! प्रत्येक ओळ बाकीच्या सगळ्या ओळींशी ताडली जाते. तुकडे केले की ती ताडाताडीच कमी होते!"

बोलून गेला आणि त्यानंच तोंडावर हात ठेवला.

"हा कोण बोलला?" फोनमधनं आवाज.

मॅडम हातानं खुणा करायला लागल्या, कट, कट! उमाकांतचं बोट बटणावर गेलं आणि तिथंच राहिलं. इतका थकवा आला त्याला. इतक्या पोरांचा थकवा.

"तो शंतनु, सर."

"मग तू कोण?"

"उमाकांत."

त्याला स्वतःचाच आवाज ओळखीचा वाटेना.

साहेबानं उसासा टाकला. "या महिन्यात दुसऱ्याच्या नावानं बोलणारा तू काही पहिला नाहीस. बरं, उमाकांत. डिग्री?"

तोच प्रश्न. सातासमुद्रापलीकडनंसुद्धा तोच.

"नाही, सर."

"डिग्रीशिवाय तुझा व्हिसा आमच्याकडनं होणार नाही. पोराला फोन दे."

शंतनु बराच वेळ बोलला. अडखळला, दोनदा सरळ म्हणाला की हे मला येत नाही. शेवटी साहेब म्हणाला, "पाठवा त्याला. काम काय, दोन महिन्यांत शिकेल."

आणि ते खरंच होतं! दोन महिन्यांत शिकतात पोरं. उमाकांतनंच शिकवली होती की. जे गोळा करायला त्याची उमेदीची वर्षं गेली, ते.

"अण्णा, आर यू मॅड?" मॅडम ओरडल्या, मग एकदम खुर्चीत बसल्या. "जाऊ दे, झालं ना काम. सोमवारी अभिराज म्हणून एक आहे हं. तुमच्या सीव्हीचं बघू त्यानंतर."

जिन्यात शंतनु मागनं धावत आला. डोळे भरलेले. "अण्णा, राहवलं नाही मले."

"उत्तर बरोबर होतं ना?"

"होतं."

"मग परत सांग. चौपट का होतं ते."

बेकरीच्या दाराशी उभं राहून त्यानं सांगितलं, हातवारे करत. उमाकांतनं शेवटपर्यंत ऐकलं आणि बस पकडली.

"आज कोण झालास रे?" आतनं हाक आली.

उमाकांत चपला काढत राहिला. "आज उमाकांत झालो, अम्मा."

जमनाबाई पळी हातात घेऊनच दारात आल्या. "मग?"

"मग काय. साहेबाला तो चालला नाही."

म्हातारी हसली नाही. तिनं पाट सरकवला आणि रागीच्या मुद्द्यावर आमटीसारखं पातळ सारू ओतलं.